घर निवडायचं ते मागे उरणाऱ्यासाठी

मुलं शिकायला, कमवायला बाहेर पडली की पन्नाशीकडे झुकलेल्या नवरा-बायकोंच्या बोलण्यात हल्ली एक विषय हमखास येतो. आता इथे राहून करायचं काय? चला, कुठेतरी समुद्राकाठी छोट्या गावात जाऊ. चार माडाची झाडं, अंगण, ताजी मासळी, सकाळी किनाऱ्यावर फेरफटका. आमच्या शिक्षक मंडळींत तर निवृत्तीच्या गप्पा याच वळणावर येऊन थांबतात. मुस्लिम घरांतही आता हे बोललं जातं, ही मला चांगली गोष्ट वाटते. पूर्वी आपल्याकडे म्हातारपण म्हणजे मुलाच्या घरातली एक खोली, असाच हिशेब असायचा. आज मुलगा दुबईत किंवा पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत असतो, मुलगी बंगळूरूला नोकरी करते, आणि आई-वडिलांना आपला विचार आपणच करावा लागतो.

पण हा विचार आपण ज्या पद्धतीने करतो, त्यावर माझा आक्षेप आहे. आपण घर शोधतो ते दोघांसाठी. दोघं चहा पीत बसलोय आणि समोर समुद्र आहे, एवढंच चित्र डोळ्यांपुढे असतं. ते चित्र दहा वर्षं टिकेल, पंधरा टिकेल. त्यानंतर त्या घरात एकच माणूस राहणार आहे, आणि आपल्याकडची वयातली तफावत पाहता ते माणूस बहुतेक वेळा बाई असणार आहे. म्हणून गाव निवडायचं ते मागे एकट्या उरणाऱ्या माणसासाठी. हे बोलायला अवघड आहे. घरात कुणी काढलं तर "काय अभद्र बोलतेस" असं ऐकावं लागतं. पण मौत बरहक आहे असं आपणच रोज म्हणतो, मग घर घेतानाच ती का विसरायची?

मी आणि माझे पती गेली दोन वर्षं कोकणात जागा पाहतोय. मी सोलापूरची. घरात दखनी, वर्गात उर्दू आणि मराठी. मला अठ्ठेचाळिसावं चालू आहे. दोन्ही मुलं बाहेर आहेत. सेवा वीस वर्षांहून जास्त झाल्यामुळे स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता मोकळा आहे. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला पाण्याचं जे वेड असतं, ते यांना पुरेपूर आहे. त्यांचं म्हणणं, घर असं हवं की खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. माझं म्हणणं, खिडकीतून माणूस दिसला पाहिजे. आमचा वाद इतकाच आहे, आणि मला वाटतं तो अनेक घरांत असणार.

रिकामं घरटं आपलंच नाही

कोकणात जाताना एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. आपण रिकामं घरटं सोडून जिथे जातोय, तो मुलूखच एक रिकामं घरटं आहे. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची आणि शेजारच्या सिंधुदुर्गाची घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाया इथे जास्त जन्माला येतात असा याचा अर्थ नव्हे. पुरुष मुंबईला, पुण्याला, आखाती देशांत गेले आणि बाया, म्हातारी माणसं मागे राहिली.

दापोली, श्रीवर्धन, म्हसळा, राजापूर, कुठल्याही मोहल्ल्यातून दुपारी चालत जा. एकेक घर पाहण्यासारखं आहे. संगमरवरी पायऱ्या, रंगीत काचा, भलं मोठं लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. मालक कुवेतला किंवा मुंब्र्याला. मे महिन्यात लग्नं असतात तेव्हा, किंवा ईदला, कुलूप निघतं आणि पंधरा दिवसांनी परत लागतं. ज्या घराला कुलूप नाही, तिथे बहुधा एखादी सत्तरीची बाई असते. तिला मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो. पैशाची अडचण नसते. रात्री छातीत कळ आली तर हाक कुणाला मारायची, ही अडचण असते.

आपण तिथे गेल्यावर वीस वर्षांनी आपलं जे होणार आहे, ते त्या बाईचं आज झालेलं आहे. म्हणून गाव बघायला गेलात तर एजंटाला आणि हॉटेलवाल्याला भेटण्याआधी अशा एखाद्या बाईला भेटा. तिचा दिवस कसा जातो ते विचारा. औषध कोण आणून देतं, पावसाळ्यात बाजार कसा होतो, मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा कुठे नेलं, कशातून नेलं? गावाची खरी माहिती या उत्तरांत मिळते.

समुद्र दिसतो, दवाखाना दिसत नाही

आम्ही प्रामुख्याने तीन ठिकाणं पाहिली. श्रीवर्धन, दापोली आणि रत्नागिरी.

श्रीवर्धन मनात भरतं. गाव सुमारे पंधरा हजारांचं, पेशव्यांच्या भट घराण्याचं मूळ गाव आणि पुढे जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्यातलं. त्यामुळे हिंदू-मुसलमान दोघांचीही जुनी मुळं इथे आहेत. रोठा सुपारीच्या वाड्या आणि त्यांना लागून किनारा. यांनी पहिल्या दिवशीच "हेच" म्हणून टाकलं. पण रेल्वे गाठायची तर माणगावला यायचं, तेही वळणावळणांच्या रस्त्याने. मोठा आजार निघाला तर अलिबाग नाहीतर मुंबई. हृदयाच्या दुखण्यात पहिला तास महत्त्वाचा असतो, आणि तो तास इथे गाडीत जाणार.

इथेच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ जमिनीवर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, पुढे दापोलीपर्यंत माड आणि पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. नारळ-सुपारीची बाग परत उभी राहायला वर्षं लागतात. पासष्टीच्या माणसाने पुन्हा रोपं लावून फळाची वाट किती पाहायची? पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. चिपळूण समुद्राला लागून नाही, तरीही. तेव्हा गाव निवडताना २०२० आणि २०२१ या दोन सालांत इथे काय झालं, पाणी कुठवर आलं, वीज किती दिवसांनी आली, हे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

दापोली मला आवडली. समुद्रापासून थोडी आत, उंचावर. १९७२ सालापासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे बाहेरची, शिकलेली माणसं गावाला नवीन नाहीत. चांगल्या शाळांची परंपरा आहे. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, तो पाहायलाच माणसं येतात. उपजिल्हा रुग्णालय आहे. पण रेल्वेसाठी खेडला जावं लागतं, आणि तज्ज्ञ डॉक्टरसाठी चिपळूणकडे किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात.

रत्नागिरी या तिघांत सगळ्यात कमी 'सुंदर'. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ७६ हजारांचं शहर. रिक्षांची गर्दी, मिरकरवाडा बंदराचा वास, चढ-उताराचे रस्ते. ज्याला माडाखाली खाट टाकून झोपायचंय, त्याची निराशा होईल. पण इथे जिल्हा रुग्णालय गावातच आहे, आणि २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. आंबा घाटाने कोल्हापूर, सांगली, सोलापूर जोडलेलं आहे. मला माहेरी जायचं तर मुंबईला वळसा घालावा लागत नाही. उर्दू शाळा आहेत, कॉलेज आहे. आणि १८२८ साली सुरू झालेलं नगर वाचनालय आहे. ज्या गावाने दोनशे वर्षांपूर्वी वाचनालय काढलं, तिथे एकट्या बाईला दुपारी जाऊन बसायला हक्काची जागा मिळते. पुरुषांना मशीद असते, चहाची टपरी असते, नाका असतो. बाईला घराबाहेर बसायला जागा किती गावांत आहे? हा प्रश्न घर बघताना पुरुषांच्या मनात येत नाही, म्हणून तो बायांनीच विचारायचा.

ऐन पावसात जाऊन राहा

कोकण बघायला आपण जातो डिसेंबरात नाहीतर आंब्याच्या दिवसांत. तेव्हा तर कुठलंही गाव गोडच वाटतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. सोलापूरच्या माणसाला याचा अंदाज कागदावर येत नाही. कपडे वाळत नाहीत. पुस्तकांना बुरशी येते. मिठाच्या हवेने खिडकीचे गज, फ्रिजची पाठ, गॅसची शेगडी गंजते. लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. मासेमारी जूनपासून दोन महिने बंद, म्हणजे ज्या ताज्या मासळीसाठी गेलो तीही नाही. सोडे आणि सुकी मासळी भरून ठेवायची. कोकणी बाया मे महिन्यातच आगोटची खरेदी उरकतात, ती काही हौस नसते. आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो, किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की विकत घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने राहून काढावा. जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत ज्या शेजाऱ्याने तुमचं दार वाजवून "पाणी आत आलं का?" असं विचारलं, तो शेजारी म्हणजे तुमचा खरा सी-व्ह्यू.

घर कुणाच्या नावावर?

आता नाजूक गोष्ट. घर बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर होतं, 'आपलंच आहे' म्हणून. इस्लामी वारसा कायद्याप्रमाणे मुलं असतील तर विधवेचा हिस्सा एक अष्टमांश, मुलं नसतील तर एक चतुर्थांश. बाकीचं मुलांचं आणि इतर वारसांचं. मुलं चांगली असतात, मला माझ्या मुलांबद्दल शंका नाही. पण मुलगा परदेशात, जावयाचं कर्ज, सुनेचं शिक्षण, अशी सगळ्यांची गरज खरी असते. समुद्राकाठच्या घराला भाव आला की "अम्मी, तू एकटी तिथे काय करणार, चल आमच्याकडे" हे प्रेमाने म्हटलं जातं, आणि घर विकलं जातं. अम्मीचा अष्टमांश बँकेत जातो आणि अम्मी हॉलमधल्या दिवाणावर.

यावर उपाय शरियतच्या आतच आहे. नवऱ्याने हयातीत घर बायकोला हिबा करावं, म्हणजे देणं, तिने स्वीकारणं आणि ताबा सोपवणं, तिन्ही नीट करून आणि कागदावर आणून. किंवा सरळ घर तिच्या नावावरच घ्यावं. महाराष्ट्रात २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या घराला चाळीस हजार वाचतात. मी हे यांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे मला तुझ्या घरात राहायचं!" मी म्हटलं, "पंचवीस वर्षं मी तुमच्या घरात राहिलेच की."

कागदांचं आणखी दोन ओळींत. स्वस्त म्हणून दाखवलेली जमीन बहुधा शेतीची असते, आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. तेव्हा सातबारा आणि अकृषिक परवाना, म्हणजे एनए, वकिलाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागतात. 'किनाऱ्यापासून दोन मिनिटं' ही जाहिरात वाचताना हे आठवावं. आणि आसपास कुठला मोठा प्रकल्प येतोय का, तेही बघावं. राजापूर तालुक्यात बारसूच्या रिफायनरीवरून २०२३ साली काय झालं ते आपण पाहिलंय.

आपलं नाव आणि आपला मोहल्ला

मुसलमान माणसाला घर शोधताना एक जास्तीची पायरी चढावी लागते, ती न सांगता पुढे जाणं खोटेपणाचं होईल. एका ठिकाणी फोनवर सगळं बोलणं झालं, नाव सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी "तो प्लॉट गेला" असं कळलं. जाहिरात मात्र पुढे महिनाभर होती. मोठ्या शहरांत हे आपण जाणतो. बाहेरच्या गुंतवणूकदारांसाठी किनाऱ्यावर ज्या नव्या बंदिस्त वसाहती उठताहेत, त्यांनी शहरातली ही सवय गावात आणली. जुन्या कोकणात मोहल्ला आणि वाडी वेगळी असली तरी बाजार, बंदर आणि एसटी एकच आहे. कोकणी मुसलमान घरात मराठीचीच एक बोली बोलतो. मासळी विकणारी मावशी आणि घेणारी बाई एकाच भाषेत घासाघीस करतात.

तरी आपण देशावरचे मुसलमान कोकणी मोहल्ल्यातही परकेच. आपण हनफी, ते शाफई. नमाजच्या पद्धतीतले बारीक फरक सुरुवातीला जाणवतात. तिथे जमात ही जिवंत संस्था आहे. मशीद, कब्रस्तान, लग्नकार्य, भांडणतंटा सगळं जमात बघते. बाहेरून आलेल्याला जमात सामावून घेते का, कब्रस्तानात जागा देते का, हे आधी विचारायला लाजू नये. आणि मागे राहिलेल्या बाईला नवऱ्याच्या इंतकालानंतर इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्याच घरात काढायचे असतात. त्या दिवसांत दूध, भाजी, औषध दारात कोण आणून देईल? ज्या वस्तीत या प्रश्नाला दोन-तीन नावं डोळ्यांसमोर येतात, ती वस्ती आपली. मग ती मोहल्ल्यात असो की वाडीत. माझा कल मोहल्ल्याच्या कडेला, बाजार आणि एसटी स्टँड चालत जाण्याच्या टप्प्यात असलेल्या तळमजल्याच्या घराकडे आहे. गाडी चालवणारा हात थकला की बंगला तुरुंग होतो. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीनंतर सगळ्यांनाच फुकट. पण त्यासाठी स्टँडपर्यंत पायी पोचता आलं पाहिजे.

आताच का?

लोक म्हणतात, अजून दहा वर्षं आहेत, अठ्ठावन्नला रिटायर झालात की बघा. मला हे पटत नाही. पैसा साठीतही जमतो. नव्या गावात माणसं जोडायला लागणारी उमेद मात्र साठीत तितकी राहत नाही. ज्याच्या मुलाला आपण शिकवलं, जिच्या बाळंतपणात आपण रात्रभर बसलो, तीच माणसं पुढे आपल्या दारात उभी राहतात. ते खातं आधी भरावं लागतं.

आणि तिथे काम आहे. कोकणातल्या उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण माझ्या ओळखीची आहे. घरी बोली मराठी, पुस्तकात उर्दू, आणि नोकरीच्या अर्जात प्रमाण मराठी. दोन्ही भाषा बाळगणारी शिक्षिका अशा गावाला जड होणार नाही. कुणाला हिशेब येतो, कुणाला सरकारी अर्ज भरता येतात, कुणाला शिवण येतं. आपण काय घेऊन जातोय, हे ठरवून गेलेलं माणूस गावात लवकर रुजतं. फक्त हवा खायला गेलेलं माणूस पाहुणाच राहतं, आणि पाहुण्याकडे तिसऱ्या दिवसानंतर कुणी बघत नाही.

आमचं अजून ठरलेलं नाही. येत्या जूनपासून रत्नागिरीत भाड्याने राहायचं, एवढ्यावर दोघांची सहमती झालीय. मुलगी फोनवर विचारते, "अम्मी, तिथे नेट येतं ना?" येतं. यांना समुद्र पाहायला रोज दोन किलोमीटर चालावं लागेल, आणि डॉक्टरांनीही त्यांना तेवढंच चालायला सांगितलंय.

वाचकांपैकी जी जोडपी हा विचार करताहेत, त्यांना एकच सांगणं. घर पाहायला दोघं जा, पण बाईला तिथे एक दुपार एकटीला राहू द्या. तिने एकटीने बाजार करावा, दवाखान्याची वाट विचारावी, दोन दारं ठोठवावीत. संध्याकाळी ती काय म्हणते त्यावरून गाव ठरवा.